पापणीचा कर्करोग काढल्यावर फ्लॅप करताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कडा रोगमुक्त आहेत याची खात्री होण्याआधी फ्लॅप (रक्तपुरवठा न तोडता सरकवलेली शेजारची कातडी किंवा ऊती) फिरवणे. एकदा कातडी जागची हलली की उरलेला रोग तिच्याखाली दडतो, आणि पुन्हा काढायची वेळ आली तर शेजारची कातडी आधीच खर्ची पडलेली असते. मोह्स (थराथराने काढत लगेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे) किंवा फ्रोझन सेक्शनची (गोठवलेल्या तुकड्याच्या ऑपरेशनदरम्यानच्या तपासणीची) सोय नसेल, तर डोळ्यात मलम घालून पट्टी बांधा आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबा. काही दिवसांनी बिघडत नाही. आपल्याकडे सेबेशियस (तेलकट स्राव सोडणाऱ्या) ग्रंथींचा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच जास्त दिसतो. तो कंजक्टायव्हामध्ये (पापणीच्या आतल्या पातळ आवरणात) विखरून पसरू शकतो, म्हणून तिथे फ्रोझनवर पूर्ण भिस्त ठेवू नये. रांजणवाडी समजून पुन्हा पुन्हा चिरलेली गाठ बायोप्सीविना सोडणे, हे तर त्याआधीचे पाप!

दुसरी चूक मापाची. कापलेल्या कडा ताणाने लांब सरकतात आणि भोक आहे त्याहून मोठे वाटते. कडा चिमट्यांनी हलकेच जवळ ओढा, मग मोजा. साधारण चतुर्थांश पापणी गेली असेल तर थेट शिवता येते, वृद्धांत थोडी जास्तही. अर्ध्यापर्यंत टेन्झेलचा अर्धवर्तुळाकार फ्लॅप चालतो. त्यापुढे खालच्या पापणीसाठी ह्यूजेस (वरच्या पापणीचा आतला थर खाली आणणारा फ्लॅप), वरच्या पापणीसाठी कटलर-बिअर्ड (खालच्या पापणीचा भाग वर आणणारा फ्लॅप).

पापणीला दोन थर असतात: पुढे कातडी आणि स्नायू, मागे टार्सस (पापणीला ताठपणा देणारी पट्टी) आणि कंजक्टायव्हा. दोन्ही थर ग्राफ्टने (रक्तपुरवठा तोडून आणलेल्या तुकड्याने) भरले तर त्यांना रक्त कुठून मिळणार? एक थर तरी रक्तपुरवठ्यासह आलेला फ्लॅपच हवा.

ह्यूजेसमध्ये वरच्या पापणीच्या काठालगतचा सुमारे ४ मिलिमीटर टार्सस राखा, नाहीतर खालची पापणी दुरुस्त करताना वरची वाकडी होते. डोळा काही आठवडे झाकलेला राहतो. रुग्णाला त्याच एका डोळ्याने दिसत असेल, तर दुसरा मार्ग शोधा. ही चौकशी ऑपरेशनच्या टेबलावर नव्हे, ओपीडीतच व्हायला हवी.

खालची पापणी बाहेर उलटते ती बहुतेकदा उभ्या ताणामुळे. ताण आडवाच ठेवा. गालाचा फ्लॅप जड असतो; तो डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ, थोडा वरच्या बाजूला, हाडावरच्या आवरणाला टाक्याने घट्ट बांधा. लोकल भुलीत असाल तर शिवण्याआधी रुग्णाला वर बघून तोंड उघडायला सांगा. पापणी खाली ओढली जात असेल तर तिथेच कळते.

फ्लॅप जांभळा पडला तर खाली रक्त साचलेय का, टाके किंवा पट्टी आवळतेय का, हे लगेच पाहा. पापणी थोडीशी खाली ओढलेली असेल तर जखम भरल्यावर मालिश आणि डोळ्यात वंगणाचे थेंब. पण कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) उघडा पडून कोरडा होत असेल, तर मालिशीच्या भरवशावर बसू नका.