गावात लांडग्याबद्दल बोलायचंय? आधी मेंढपाळाचं ऐका
पुणे-सोलापूरकडच्या माळरानावर लांडगा आहे म्हटलं की लोक लगेच ‘लांडगा आला रे’ची गोष्ट काढतात, तर तिथून सुरुवातच करू नका. थेट धनगराच्या वाड्यावर जा, चहा घ्या आणि किती मेंढरं गेली ते आधी विचारा. ज्याचं कोकरू गेलंय त्याला निसर्गसाखळी शिकवायला गेलात तर तो तुम्हाला हाकलूनच देईल, आणि बरोबरच आहे त्याचं.

मग कामाचं बोला. रात्री कोकरं वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या आत, कुत्री राखणीला आणि एक माणूस जागा. जनावर मेलंच तर ते हलवायचं नाही, फोटो काढायचे आणि ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवायचं, कारण पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही. फॉर्म भरायला स्वतः बसा त्यांच्यासोबत, खरा विश्वास तिथेच बसतो!

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लांडगा वाघासारखाच पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे हे सांगा, पण धमकीच्या सुरात नको. आणि हो, मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकणं बंद करायला लावा, त्यावर भटकी कुत्री वाढतात आणि कुत्र्यांनी मारलेलं बकरूसुद्धा लांडग्याच्याच नावावर जातं.