बागेतलं औषध जगाच्या कुठल्या यादीत आहे ते कसं शोधायचं

दिवाळीच्या आसपास दिंडोरीला दाजींच्या बागेत गेलो होतो. ऑक्टोबर छाटणी होऊन फुटवे चांगले बोटभर आलेले, रात्री अवकाळी पाऊस पडून गेलेला, त्यामुळे डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीने सकाळी सकाळीच फवारणीचा ब्लोअर भरायची गडबड चाललेली. शेडमधल्या फळीवर बाटल्या न् पुड्यांची ही रांग. मी एक पुडी उचलून मागचं बारीक वाचायला लागलो तर दाजी म्हणाले, "अरे हिरवा त्रिकोण आहे त्याला, एकदम माइल्ड, काय बघतोस?"

तिथनं हे सगळं सुरू झालं. कारण त्या हिरव्या त्रिकोणाच्या भरवशावर अख्खा नाशिक जिल्हा फवारतोय, आणि ते औषध माणसाच्या अंगातल्या हार्मोनचं काम बिघडवतं का, याबद्दल तो त्रिकोण एक अक्षर सांगत नाही.

लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग फक्त एवढंच सांगतात की औषध एकदम पोटात गेलं तर किती जहर आहे. उंदरावर टेस्ट करतात, वजनाच्या किलोमागे किती मिलिग्रॅमला निम्मे मरतात ते बघतात, १ ते ५० मध्ये मेले तर लाल, ५००० च्या वर गेलं तर हिरवा. बस. थोडं थोडं रोज अंगात जाऊन थायरॉईड किंवा इस्ट्रोजेनचं गणित बिघडतं का, हा प्रश्न त्या रंगात विचारलेलाच नाही. आणि द्राक्षवाल्याला ही गोष्ट खरं तर जास्त समजावून सांगायला नको, फुलोऱ्याच्या आधी १० पीपीएम जीए (जिबरेलिक अॅसिड, झाडाचं वाढीचं हार्मोन) मारलं की घड लांबतो हे आपल्याला माहितीये, म्हणजे हजार लिटर पाण्यात १० ग्रॅम, आणि त्यात चार दिवस इकडेतिकडे झाले तरी काय होतं तेही माहितीये. हार्मोन असाच असतो, डोस चिमूटभर आणि टायमिंग सगळं. माणसाचे हार्मोन वेगळे पण स्वभाव तोच, म्हणून पोटातलं बाळ आणि लहान पोरं यांचा विषय सगळ्यात नाजूक.

आता कामाचं. बाटली हातात घ्या.

ब्रँडचं नाव सोडून द्या, खाली तांत्रिक नाव असतं ते बघा. आणि मिश्रण असेल तर दोन्ही नावं लिहून घ्या, कारण खरी गंमत इथेच आहे. दाजींच्या फळीवर आम्ही मॅन्कोझेब (बुरशीनाशक, बोलताना एम ४५) शोधायला लागलो तर "एम ४५ ची एकच पुडी आहे" असं त्यांचं म्हणणं. निघाल्या तीन. एक साधी ७५ टक्के डब्ल्यूपी (पाण्यात कालवायची पावडर), एक मेटालॅक्सिल ८ अधिक मॅन्कोझेब ६४, आणि एक सायमोक्झॅनिल ८ अधिक मॅन्कोझेब ६४. म्हणजे वेगवेगळी तीन औषधं आलटून पालटून मारतोय असं वाटत होतं आणि प्रत्येक वेळी निम्म्याहून जास्त माल तोच.

नाव मिळालं की त्याचा कॅस नंबर काढा. केमिकलचा आधार नंबर समजा, जगभर एकच. मॅन्कोझेबचा ८०१८-०१-७, क्लोरपायरीफॉसचा २९२१-८८-२, प्लॅस्टिकमधल्या बीपीएचा ८०-०५-७. सर्च करताना आकडे इंग्रजीत टाका. नावाने शोधाल तर स्पेलिंगच्या भानगडीत चुकाल, नंबरने चुकत नाही.

मग याद्या. इथे बहुतेक लोक गोंधळतात, कारण सगळ्यांना वाटतं की युनोची एक कुठलीतरी बंदीची यादी असेल, त्यात बघितलं की संपलं. तसं नाहीये. हार्मोन बिघडवणाऱ्या केमिकलसाठी जगात वेगळा असा करारच नाही. २०१२ ला नैरोबीत देशांची केमिकल परिषद झाली तेव्हा हा विषय "नव्याने पुढे आलेला प्रश्न" म्हणून ठरावात घेतला, २०१३ ला डब्ल्यूएचओ आणि युनेपचा (युनोचा पर्यावरण कार्यक्रम) मोठा रिपोर्ट आला ज्यात सुमारे ८०० केमिकल संशयित किंवा माहितीतली म्हणून धरलेली, आणि २०२३ ला जर्मनीत बॉनला नवीन जागतिक आराखडा ठरला २८ उद्दिष्टांचा. पण हे सगळं ऐच्छिक, कोणी केलं नाही म्हणून दंड नाही. बंधनकारक करार आहेत ते दुसऱ्या निकषांवर बनलेत आणि हार्मोनवाली केमिकल त्यात सापडलीच तर आडवाटेने सापडतात. म्हणून एक यादी बघून भागत नाही.

सगळ्यात आधी स्टॉकहोम करार बघा, २००१ चा, भारत २००६ पासून त्यात आहे. हा अशा केमिकलसाठी जी वर्षानुवर्षं नष्ट होत नाहीत, चरबीत साठतात आणि वाऱ्यापाण्याबरोबर लांब लांब जातात. सुरुवातीला १२ होती, डीडीटी त्यातलंच. एंडोसल्फान २०११ ला आलं, त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या सुप्रीम कोर्टानेही थांबवलं, केरळातल्या कासरगोडच्या काजूबागांचं प्रकरण आठवत असेल. डायकोफॉल, म्हणजे लाल कोळीवर मारायचे ते, २०१९ ला आलं आणि आपल्याकडे बंदीची ऑर्डर निघाली २०२३ ला. मधली चार वर्षं लक्षात ठेवा. २०२५ ला क्लोरपायरीफॉसही यादीत गेलं, पण सवलतींसकट. सवलत म्हणजे ठरावीक कामांसाठी ठरावीक काळ वापरायची मुभा, म्हणून यादीत नाव दिसलं की पुढचा सवलतीचा रकाना वाचल्याशिवाय "बॅन झालं" असं व्हॉट्सअॅपवर टाकू नका.

आणि उलटंही होतं. मॅन्कोझेब स्टॉकहोमच्या यादीत नाही आणि बहुधा कधी येणारही नाही, कारण ते लवकर तुटतं. पण तुटून जे बनतं, ईटीयू, ते थायरॉईडच्या मागे लागतं. म्हणजे टिकून राहत नाही म्हणून त्या चाळणीतून खाली पडलं, निर्दोष आहे म्हणून नाही.

रॉटरडॅम करार हा दुसरा, १९९८ चा, त्यात बंदी नसते. त्यातलं केमिकल एका देशाने दुसऱ्याला पाठवायच्या आधी घेणाऱ्याची परवानगी लागते, एवढंच. साध्या शेतकऱ्याला याचा थेट उपयोग कमी, नाव दिसलं तर सावध व्हा आणि पुढे जा.

नाशिकवाल्यांची द्राक्षं युरोपला जातात, म्हणून त्यांच्यासाठी खरी यादी युरोपची. युरोपने २०१८ मध्ये कीडनाशकांसाठी हार्मोनचे स्वतंत्र निकष लिहून काढले, आणि त्या निकषात बसतं म्हणून, प्रजननावरच्या परिणामाचं कारणही जोडून, २०२० च्या डिसेंबरमध्ये मॅन्कोझेबची मंजुरी पुढे चालू ठेवायची नाही असं ठरवलं. हे बघायला दोन जागा. एक म्हणजे युरोपियन कमिशनचा पेस्टिसाइड डेटाबेस, त्यात औषधाचं नाव टाकलं की मंजूर आहे की नाही ते दिसतं आणि टेबल ग्रेप्स निवडलं की एमआरएल, म्हणजे फळात त्या औषधाचा किती अंश चालतो ती मर्यादा, दिसतो. दुसरी जागा ईडी लिस्ट्स नावाची साइट (ईडी म्हणजे एंडोक्राइन डिसरप्टर, हार्मोन बिघडवणारं), बेल्जियम, डेन्मार्क, फ्रान्स, नेदरलँड, स्वीडन या देशांच्या सरकारी खात्यांनी मिळून २०२० ला सुरू केलेली. तिच्यात तीन याद्या: पहिलीत युरोपने अधिकृतपणे हार्मोन बिघडवणारं म्हणून ठरवलेलं, दुसरीत तपासणी चालू असलेलं, तिसरीत एखाद्या देशाला स्वतःला तसं वाटतंय ते. इथे कॅस नंबर टाका. दुसऱ्या यादीत दिसलं तर घाबरायचं नाही, पण पुढच्या तीनचार सीझनचं प्लॅनिंग त्याच्या भरवशावर करायचंही नाही.

मंजुरी आणि एमआरएल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यात पक्कं बसवा. मंजुरी गेली म्हणजे त्यांच्या शेतकऱ्याने मारायचं नाही. आपल्या मालाला लागतो तो एमआरएल, आणि तो कधी लगेच खाली येतो, कधी उशिरा. क्लोरपायरीफॉसची मंजुरी २०२० च्या जानेवारीत गेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलोवर आणली. ०.०१ म्हणजे १०० टन द्राक्षात १ ग्रॅम. शेजारच्याच्या ब्लोअरचा फवारा वाऱ्याने आपल्या बागेत आला तरी सॅम्पल फेल जाऊ शकतं. मॅन्कोझेबच्या बाबतीत अजून एक भानगड, लॅब ते थेट मोजत नाही, त्या सगळ्या गटातून निघणारा कार्बन डायसल्फाइड मोजते, म्हणून रिपोर्टवर "डायथायोकार्बामेट्स" असं दिसेल, आणि तुम्ही मॅन्कोझेब न मारता प्रोपिनेब मारलं असेल तरी त्याच ओळीत आकडा येईल.

शेवटी आपली घरची यादी. केंद्राच्या कीडनाशक मंडळाच्या साइटवर बंदी असलेल्या आणि मर्यादित वापराच्या औषधांची यादी असते, तीत पिकाप्रमाणे बघायचं. २०२३ च्या त्याच ऑर्डरमध्ये मॅन्कोझेब पेरू, ज्वारी आणि टॅपिओकावर बंद केलं, द्राक्षावर नाही. द्राक्षासाठी लेबल क्लेम (त्या पिकावर वापरायची नोंदणी) असलेल्या औषधांची अॅनेक्शर ५ ची यादी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून येते, ती दर सीझनला नवीन डाउनलोड करा, मागच्या वर्षीची पीडीएफ फॉरवर्ड करत बसू नका. यादी न बघितल्याची किंमत २०१० ला आपण मोजलेली आहे, लिहोसिन (वाढ रोखणारं औषध, त्यात क्लोरमेक्वाट असतं) सर्रास मारलं जायचं आणि युरोपने क्लोरमेक्वाटच्या रेसिड्यूवरून कंटेनर अडवले होते. हार्मोनचा मुद्दा नव्हता तो, पण धडा तोच होता, इथे चालतं म्हणून तिथे चालेल असं नसतं.

बदल आधी कळायला हवा असेल तर एक फुकटची सोय आहे जी जवळपास कोणाला माहीत नसते. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमाप्रमाणे कुठल्याही देशाला असा नियम बदलताना मसुदा आधी कळवावा लागतो आणि बाकीच्यांना मत द्यायला साधारण ६० दिवस मिळतात. हे मसुदे ईपिंग नावाच्या साइटवर येतात. ईमेल टाकून अकाउंट उघडायचं, देश म्हणून युरोपियन युनियन निवडायचं, विषयात पेस्टिसाइड आणि ग्रेप्स, झालं, मेल यायला लागतात. मत आपण एकट्याने थेट देऊ शकत नाही, ते सरकारमार्फत जातं, म्हणून द्राक्ष बागायतदार संघ किंवा अपेडाकडे (केंद्राची शेतमाल निर्यात संस्था) लेखी द्यायचं, कुठलं औषध, कुठल्या स्टेजला मारतो, पर्याय कुठला आणि त्याचा खर्च किती, एवढं एका पानात. "शेतकऱ्यावर अन्याय" असलं पाच पानी निवेदन कोणी वाचत नाही. आपल्याकडच्या मसुद्यांना मात्र तुम्ही स्वतः हरकत पाठवू शकता, राजपत्रात मुदत आणि पत्ता दिलेला असतो.

घरातल्या वस्तूंचं थोडक्यात सांगतो. बाळाची दुधाची बाटली घेताना आयएस १४६२५ बघा, २०१५ पासून त्यात बीपीए चालत नाही. खेळण्यांना आयएस ९८७३. बाकी गरम वरण प्लॅस्टिकच्या डब्यात ओतू नका, स्टीलचा डबा कुठं पळून गेलाय.

आणि रिकाम्या बाटल्या बांधावर जाळू नका. क्लोरिनवालं प्लॅस्टिक उघड्यावर जळालं की डायॉक्सिन बनतं, आणि डायॉक्सिन स्टॉकहोमच्या पहिल्या १२ मध्येच आहे. म्हणजे करारातलं केमिकल आपण स्वतःच्या हाताने तयार करतो. तीनदा विसळून ते पाणी टाकीतच ओता, बाटलीला भोक पाडा आणि कुलपात ठेवा, गोळा करणारा येईपर्यंत.

एक गोष्ट मात्र कुठल्याच यादीत सापडली नाही. एमआरएल आहे तो लंडन-रॉटरडॅमला द्राक्ष खाणाऱ्यासाठी. पेठ-सुरगाण्याहून विरळणीला येणाऱ्या बायका दिवसभर त्या पानात हात घालून असतात, त्यातली एखादी गरोदरही असते, त्यांच्या हाताला किती चालतं याचं सॅम्पल कोणी काढत नाही. दाजींशी यावरून थोडं वाजलंच. मग ठरलं की फवारणीची तारीख आणि औषध शेडच्या दारावर खडूने लिहायचं, लेबलवर सांगितलेला वेळ जाईपर्यंत आणि पानं कोरडी होईपर्यंत त्या ओळीत कोणी शिरायचं नाही, आणि हातमोजे मालकाने द्यायचे. पहिल्या दिवशी दाजींनी दारावर लिहिलं "एम ४५, सकाळी ७". मी ते पुसून "मॅन्कोझेब" लिहायला लावलं.