मृगाआधी पर्जन्यमापकाची तयारी

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागतं, मृग ७-८ जूनला. घरच्या हवामान केंद्राचा पर्जन्यमापक मृग लागायच्या आत उतरवून, धुऊन, तपासून परत जागेवर बसलेला हवा. वळीव गाठायचा असेल तर त्याहून आधी. पावसाळ्यात त्याला हात लावला की त्या दिवसाची नोंद बिघडते, म्हणून हे काम कोरड्या दिवसांतच करायचं. पर्जन्यमापक चुकला तर बहुतेक वेळा पाऊस कमीच दाखवतो, हेही आधीच लक्षात ठेवा. वारा थेंब उडवून नेतो, नरसाळ्याच्या कडेला चिकटलेलं पाणी वाळून जातं, पान अडकतं, आतला पाणी मोजणारा कप कलतो. पुढे दिलेली बरीचशी कामं हे हरवणारं पाणी वाचवण्यासाठी आहेत.

एवढा खटाटोप का, तर दुसऱ्या गावाचा पाऊस आपल्या अंगणाला लागू होत नाही म्हणून. आमचं घर वाईच्या बाजूला. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला आलं की तो हजाराच्या आत येतो. मधलं अंतर जेमतेम ३०-३२ किलोमीटर. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी कोसळला, त्याच वेळी कुलाब्याला सुमारे ७४. आपल्या राज्यात २४ तासांत ६५ मिमीच्या पुढे पाऊस गेला की अतिवृष्टी धरतात. तो आकडा महसूल मंडळाच्या केंद्रावरून घेतला जातो, आपल्या अंगणातून नाही, हे खरंच. पण आपल्या शेतात काय झालं हे आपल्याला तरी नेमकं माहीत असावं.

सगळ्यात आधी जागा ठरवा, कारण जागा चुकली तर पुढची मेहनत वाया जाते. हवामान खात्याच्या साध्या पर्जन्यमापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेंमीवर असतं आणि आजूबाजूची झाडं-भिंती त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवतात. म्हणजे आंबा ८ मीटर उंच असेल तर १६ मीटर लांब. खाली गवत असलेलं बरं. फरशी असेल तर थेंब आपटून नरसाळ्यात उडतात. वारा, तापमान आणि पाऊस एकाच खांबावर मोजणारी जी तयार यंत्रं मिळतात, त्यांची इथेच अडचण होते. वारा मोजायला उंची लागते, पावसाला जमिनीची जवळीक. खांब उंच केला की वारा चांगला मोजला जातो, पण तोच वारा नरसाळ्यावरून थेंब पळवतो. पाऊस वेगळ्या खांबावर मोजता येत असेल तर जास्तीचे पैसे तिथेच खर्च करा, असं माझं स्पष्ट मत आहे. गच्चीशिवाय जागाच नसेल तर कठड्यापासून आणि पाण्याच्या टाकीपासून दूर, मधोमध बसवा. कठड्याला क्लॅम्प मारून बसवू नका. जागा कोणतीही असो, चारही दिशांना तोंड करून चार फोटो काढून ठेवा आणि वहीत उंची नि तारीख लिहा. दोन वर्षांनी शेजारचा शेवगा वाढला की हे फोटो कामाला येतात.

मग खांब. ओळंबा लावून सरळ करा, नरसाळ्याच्या कडेवर पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी बुडबुडा मधोमध आणा. हाताने हलवून बघा. खांब डुलत असेल तर वादळी वाऱ्यात कप आपोआप उलटतात आणि न पडलेला पाऊस नोंदला जातो.

आता साफसफाई. बहुतेक घरगुती यंत्रांत नरसाळ्याखाली दोन कपांची डोलणारी पट्टी असते. एक कप भरला की उलटतो, दुसरा वर येतो, आणि प्रत्येक उलटणं म्हणजे बहुधा ०.२ मिमी. या पट्टीखाली कोळी जाळं विणतो, मुंग्या घर करतात, आणि कुंभारमाशीला तर नरसाळ्याचं भोक फारच आवडतं. एका जुलैत आमच्याकडे रात्रभर धो धो पाऊस झाला, अंगणात घोट्याएवढं पाणी होतं, आणि डिस्प्लेवर ३ मिमी. दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात आकडा हळूहळू चढत राहिला. कोरडं ऊन आणि चढता आकडा असं दिसलं की नरसाळं तुंबलंय हे ओळखा. आमच्या भोकात माशीने मातीचा गोळा ठासला होता. ती रात्र माझ्या वहीत कायमची अधुरी राहिली, म्हणून आता मे महिन्यात मी भोकातून उजेड आरपार दिसतो का ते बघतो आणि पावसाळाभर दर रविवारी बघतो.

कप धुताना साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी घाला आणि आतून बोट फिरवू नका. हाताचं तेल लागलं की पाणी थेंबाथेंबाने चिकटून राहतं. पट्टीच्या आसाला वंगण लावू नका. धुताना कप उलटतात आणि यंत्र तो पाऊस समजतं, तेव्हा आधी सेन्सरची बॅटरी काढा, नाहीतर तेवढे मिमी वहीत वजा करून ठेवा. बॅटऱ्या बदलायच्याच असतात, त्या याच वेळी नव्या घाला आणि झाकणाचं रबर चिरलेलं नाही ना ते पाहा.

यानंतरचं काम बहुतेक जण करत नाहीत, आणि अचूकता तर त्यावरच ठरते. नरसाळ्याचा आतला व्यास दोन-तीन दिशांनी मोजा. इथे घाई नको, १६ सेंमीत २ मिमी चुकलं तरी क्षेत्रफळात अडीच टक्क्यांचा फरक पडतो. १६ सेंमी व्यासाचं क्षेत्रफळ २०१ चौरस सेंमी. म्हणजे १ मिमी पावसाचं २०.१ मिली पाणी आणि २० मिमीचं ४०२ मिली. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ४०२ ग्रॅम पाणी मोजून घ्या. ते सलाईनच्या नळीने किंवा झाकणाला सुईचं भोक पाडलेल्या बाटलीने नरसाळ्यात थेंब थेंब सोडा, तासभर तरी चालू दे. ०.२ मिमीच्या यंत्रात कप १०० वेळा उलटायला हवा. ९४ वेळाच उलटला तर यंत्र कमी मोजतंय. कपाखाली दोन स्क्रू असतील तर दोन्ही सारखेच किंचित वर घ्या, म्हणजे कप थोड्या कमी पाण्यात उलटेल. स्क्रू नसतील तर १०० भागिले ९४, म्हणजे १.०६ हा गुणक यंत्राच्या सेटिंगमध्ये किंवा वहीत टाका. तीनदा करून सरासरी घ्या. पाणी भसकन ओतून मात्र बघू नका. कप उलटत असताना वरून येणारं थोडं पाणी मोजलंच जात नाही आणि धार जितकी जोरात तितकी ही गळती जास्त. तासाला १०० मिमीच्या पावसात कप दर सात सेकंदांनी उलटतो, म्हणून मुसळधारीत ही यंत्रं कमीच दाखवतात.

याच कारणासाठी शेजारी एक साधा, हाताने मोजायचा पर्जन्यमापक हवाच. नरसाळं आणि त्याखाली अरुंद तोंडाचा कॅन, एवढं पुरतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापुढे हातभर रुंद तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजायला सांगितलंय, आणि अपरान्ताचा म्हणजे कोकणाचा पाऊस तिथे ‘अमित’ म्हणजे अमाप म्हटलाय. तेव्हा कॅन केवढा घ्यायचा ते आपल्या भागाप्रमाणे ठरवा. १६ सेंमीच्या नरसाळ्याखाली २ लिटरची बाटली १०० मिमीला भरून वाहू लागते. आमच्याकडे ती चालते, घाटमाथ्यावर किंवा कोकणात ५ लिटरचा कॅन घ्या आणि तो बादलीत ठेवा, म्हणजे वरून सांडलेलंही मोजता येईल. लाईट गेली, वायफाय बंद पडलं, तरी हे पाणी तिथे असतं.

वेळेचंही आत्ताच ठरवून टाका. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ते दुसऱ्या सकाळी ८:३०, आणि आकडा मोजलेल्या सकाळच्या तारखेला लिहितात. घरची यंत्रं मध्यरात्री शून्यावर येतात. त्यामुळे पेपरातल्या आकड्याशी तुलना करायची तर ८:३०ची नोंद वेगळी घ्यावी लागते. यंत्राचं घड्याळ मोबाइलशी जुळवा. वहीत आत्ताच रकाने आखा: तारीख, यंत्र, कॅन, शेरा. पाऊस नसेल त्या दिवशी ० लिहा, रकाना रिकामा सोडू नका. गावाला गेलात तर परतल्यावर जमलेलं पाणी ‘तीन दिवसांचं मिळून’ असं स्पष्ट लिहा, अंदाजाने वाटून टाकू नका.

पहिला वळीव झाला की सकाळी ८:३०ला दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. २० मिमीच्या पावसात फरक १ मिमीच्या आत असेल तर दोन्ही आहेत तसे राहू द्या. जास्त असेल तर आधी पाणसळ लावून बघा, मग भोक आणि कोळ्याची जाळी, आणि तरीही जुळलं नाही तर ऊन पडल्यावर ४०२ ग्रॅम पाणी पुन्हा.