या चुका टाळा : प्लेस्टेशन ४ बंद पडल्यानंतरची पहिली दहा मिनिटे

प्लेस्टेशन ४ (पीएस४) हा टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचा सोनीचा कन्सोल भारतात जानेवारी २०१४ मध्ये विक्रीला आला. त्या सुरुवातीच्या खेपांमधले कन्सोल आता थोरल्याकडून धाकट्याकडे, धाकट्याकडून मावसभावाकडे आणि तिथून जुन्या वस्तूंच्या बाजारात असा प्रवास करून माझ्या टेबलावर येतात. एवढ्या वयाच्या यंत्राला दुखणी असायचीच, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. माझे म्हणणे आहे ते यंत्र बंद पडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत घरोघरी जे उपचार होतात त्यांच्याबद्दल. पुण्यात राहत्या घराच्या एका खोलीत मी हे दुरुस्तीचे काम करतो, आणि मूळ बिघाड शोधायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ माझा घरगुती उपचारांनी केलेले नुकसान निस्तरण्यात जातो.

पहिली चूक म्हणजे यंत्राकडे नीट न पाहणे. 'चालू होत नाही' एवढ्या तीन शब्दांत लोक चार वेगवेगळ्या अवस्था कोंबतात. बटण दाबल्यावर एक बीप वाजते, निळा दिवा लागतो आणि काही सेकंदांत तो पांढरा होतो, हा निरोगी क्रम आहे. दिवा पांढरा झाला आणि टीव्ही मात्र काळाच राहिला, तर आतला कारभार बहुधा ठीक असतो आणि केबल, टीव्हीचा इनपुट किंवा एचडीएमआयचे तोंड, म्हणजे टीव्हीकडे चित्र आणि आवाज नेणारी केबल जिथे खुपसतात ती जागा, तपासायची असते. निळा दिवाच मंद-तेज होत राहिला, तर यंत्र सुरुवातीलाच अडकले आहे, आणि त्यामागे हार्ड डिस्क, पॉवर सप्लाय, चित्र बाहेर पाठवणारा भाग किंवा मुख्य चिप यांपैकी काहीही असू शकते. दिवा लाल झाला, तर यंत्र तापले आहे. दिवाही नाही आणि बीपही नाही, तर आधी विजेकडे बघावे. नंतर आलेल्या पातळ, स्लिम आवृत्तीत हा दिवा बटणाजवळ बारीक ठिपक्यांएवढा असतो, म्हणून मी खोलीतला दिवा बंद करून पाहतो. फोनवर मी हाच प्रश्न पहिला विचारतो, आणि दहा वेळा तरी 'थांबा, बघून सांगतो' असे उत्तर ऐकले आहे. म्हणजे यंत्र उघडायची तयारी झालेली असते, पण दिव्याचा रंग कोणी पाहिलेला नसतो.

विजेचे सोपे आहे. साध्या आणि स्लिम पीएस४ला इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या टोकाची, जुन्या टेपरेकॉर्डरला असायची तशी वायर लागते. दुसरी वायर लावून आणि एक्स्टेन्शन बोर्ड टाळून थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावून पाहिल्याशिवाय पॉवर सप्लायला दोष देऊ नये.

एचडीएमआयच्या तोंडाचे मात्र लोक हाल करतात. त्या अरुंद तोंडात १९ पिना असतात, आणि कन्सोल भिंतीकडे सरकवताना केबलवर आडवा जोर आला की त्यांतली एखादी वाकते किंवा मागे ढकलली जाते. मग केबल 'नीट बसत नाही' म्हणून ती आणखी जोरात दाबली जाते, आणि एका वाकलेल्या पिनेच्या चार होतात. मी टॉर्च आणि घड्याळजी डोळ्याला लावतात तसले भिंग घेऊन आधी आत बघतो. पिनांची रांग कंगव्याच्या दातांसारखी सरळ दिसली तरच केबलला हात लावतो. सुईने पिना सरळ करायच्या भानगडीत कोणी पडू नये, कारण सरळ होता होता त्या तुटतात.

आता सेफ मोड, म्हणजे कन्सोल नेहमीच्या मेनूऐवजी दुरुस्तीच्या पर्यायांची यादी दाखवत सुरू होतो तो प्रकार. या विषयावर मी थोडे लांबण लावणार आहे, कारण यातली सर्वांत वाईट चूक मी स्वतः केलेली आहे.

यंत्र पूर्ण बंद असताना पॉवरचे बटण दाबून धरले की एक बीप लगेच वाजते आणि साधारण सात सेकंदांनी दुसरी वाजते. दुसऱ्या बीपनंतर बोट उचलले की सात पर्यायांची यादी पडद्यावर येते. इथे कंट्रोलर यूएसबी केबलने जोडावा लागतो. मोबाइलच्या पुष्कळ स्वस्त केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, माहिती वाहणाऱ्या नसतात. तसली केबल लावली की कंट्रोलरचा प्रतिसाद येत नाही आणि लोक 'सेफ मोडसुद्धा हँग झाला' असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

२०१७ च्या दिवाळीत मी बहिणीकडे गेलो होतो. भाच्याचा कन्सोल मेनूपर्यंत येऊन अडखळत होता, खेळ उघडताना मिनिट-मिनिट घेत होता. फराळाचे ताट बाजूला ठेवून मी सेफ मोडमध्ये गेलो. पाचवा पर्याय डेटाबेस नव्याने बांधण्याचा आहे. तो हार्ड डिस्कवरच्या वस्तूंची यादी नव्याने करतो आणि खेळ किंवा सेव्ह केलेली प्रगती पुसत नाही. सहावा आणि सातवा पर्याय सगळे पुसून टाकतात, आणि सातवा तर सॉफ्टवेअरही नव्याने घालतो. मला हे चांगले ठाऊक होते. तरीही, 'मुळापासून स्वच्छ करून टाकू, कटकट नको' असा विचार करून मी थेट सातवा निवडला, इशाऱ्याच्या पाटीवर न वाचताच होकार दिला, आणि पाऊण तासाने अगदी नव्यासारखा पळणारा कन्सोल मोठ्या अभिमानाने भाच्याच्या हाती दिला. त्याने दोन मिनिटे शोधाशोध केली आणि विचारले, "मामा, माझी टीम कुठे गेली?" तीन वर्षे जमवलेला क्रिकेटचा संघ होता. ती हार्ड डिस्क संगणकाला जोडूनही काही उपयोग नव्हता, कारण पीएस४ आपल्या डिस्कवरची माहिती कूटबद्ध करून ठेवतो आणि बाहेरच्या यंत्राला ती वाचता येत नाही. बहीण काही बोलली नाही, पण भाऊबीजेला भाच्याने माझ्या शेजारी बसायचे टाळले.

तेव्हापासून माझी एक सवय पक्की झाली आहे, आणि ती शास्त्रशुद्ध आहे की नाही याची मला पर्वा नाही. यंत्र एकदा जरी मेनूपर्यंत पोचले, तरी दुसरे काहीही करण्याआधी मी सेव्ह केलेली सगळी माहिती पेनड्राइव्हवर उतरवून घेतो. त्यानंतर, चित्र येत नसेल तर दुसरा पर्याय, म्हणजे रेझोल्यूशन बदलणे. यंत्र अडखळत असेल तर पाचवा. त्यानेही भागले नाही तर तिसरा, म्हणजे सॉफ्टवेअर अपडेट. सातवा पर्याय मी मालकाला तीन वेळा विचारून, आणि शक्यतो त्याच्याच बोटाने दाबून घेतो.

पाचव्या पर्यायाला डिस्क किती भरली आहे त्यानुसार काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो. पट्टी पुढे सरकत नाही म्हणून प्लग उपटणारे लोक मला भेटतात, आणि मला त्यांच्याबद्दल सहानुभूती वाटत नाही. वीज गेल्यानंतर पुन्हा चालू करताना यंत्र स्वतःहून डिस्क तपासते, तेव्हाही हेच होते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून चारदा जाते. अशा घरात कन्सोल रेस्ट मोडमध्ये, म्हणजे केशरी दिव्यावर झोपवून ठेवण्याऐवजी पूर्ण बंद करावा.

तिसऱ्या किंवा सातव्या पर्यायासाठी फाइल पेनड्राइव्हवर घालताना होणाऱ्या चुका इतक्या ठरावीक आहेत की मी आता पेनड्राइव्ह न बघताच सांगतो. पेनड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. तो एक्सफॅट किंवा फॅट३२ हवा. फोल्डरांची नावे रोमन कॅपिटल अक्षरांत हवीत, ती तशी नसतात. फाइल दोनदा डाउनलोड केल्यामुळे तिच्या नावाच्या शेवटी कंसात एकचा आकडा चिकटलेला असतो आणि मग यंत्राला ती सापडत नाही. आणि सातव्या पर्यायाला साधारण एक जीबीची पूर्ण फाइल लागते, तिथे लोक निम्म्या आकाराची अपडेटची फाइल घालून बसतात.

दुसरी लांबणीची गोष्ट उष्णतेची. तिचे मूळ प्लेस्टेशनमध्ये नाही. २००५ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलवर तीन लाल दिवे लागून तो मरत असे. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. त्या काळात एक तोडगा जगभर पसरला : कन्सोल टॉवेलात गुंडाळून चालू ठेवायचा, म्हणजे तो भयंकर तापतो आणि पुन्हा चालू होतो. काही वेळा तो चालू व्हायचाही, थोडे दिवस. चिपच्या आतले तडकलेले सूक्ष्म जोड उष्णतेने क्षणभर एकमेकांना टेकत, थंड-गरम होण्याची आणखी काही आवर्तने झाली की पुन्हा सुटत. पण 'चालू झाला' एवढेच लोकांनी लक्षात ठेवले, आणि टॉवेलाची जागा पुढे हेअर ड्रायरने, ओव्हनने आणि हीट गनने घेतली.

दोन वर्षांपूर्वी अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी निळ्या दिव्यावर अडकलेला पीएस४ घेऊन आला. "काका, काही केलं नाही, तसाच आणला," असे म्हणाला. झाकण उचलल्यावर करपलेल्या प्लास्टिकचा वास आला. मुख्य चिपभोवतीचा बोर्ड तपकिरी पडला होता, एचडीएमआयचे तोंड उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखे एका बाजूला कलले होते, पंख्याची वायर जिथे बसते तो पांढरा कनेक्टर वितळून बोर्डला चिकटला होता. मी काहीच बोललो नाही, फक्त भिंग त्याच्या हातात दिले. मग त्याने सांगितले की गाड्यांचा रंग काढायची हीट गन मामाच्या गॅरेजमधून आणली होती आणि चिपवर 'पाच मिनिटेच' धरली होती. चिप बोर्डला जोडणारे, शिसे नसलेले सोल्डर (डाग) साधारण २१७ अंश सेल्सियसला वितळते. कारखान्यात आणि नीट सोय असलेल्या दुरुस्तीच्या ठिकाणी संपूर्ण बोर्ड खालून हळूहळू तापवून मगच तिथपर्यंत नेतात, नाहीतर तो वाकतो. हातातल्या गनने एका ठिकाणी चारशे अंश आणि बोटभर अंतरावर शंभर, असला प्रकार होतो.

मी त्याची हार्ड डिस्क काढून वेगळी तपासली. ती टकटक आवाज करत होती आणि कोणत्याच यंत्राला दिसत नव्हती. निळा दिवा तिच्यामुळेच अडकला होता हे मी आता सिद्ध करू शकत नाही, कारण सिद्ध करायला धड बोर्डच उरला नव्हता. पण या यंत्रात अडीच इंची साधी लॅपटॉपची डिस्क असते आणि ती बाहेर काढायला एक स्क्रू काढावा लागतो. हीट गन आणायला तो मुलगा दुचाकीवरून हडपसरपर्यंत गेला होता; डिस्क काढून बघायला त्याला खुर्चीतून उठावेही लागले नसते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. धूळ काढताना व्हॅक्यूम किंवा ब्लोअरने पंखा गरगर फिरू देऊ नये, त्याच्या पात्यात टूथपिक अडकवून तो आधी थांबवावा. कन्सोल टीव्हीच्या कपाटातल्या बंद कप्प्यात ठेवून 'आवाज फार करतो' अशी तक्रार करू नये. चिपची उष्णता बाहेर वाहून नेणारी थर्मल पेस्ट दर सहा महिन्यांनी बदलण्याचे खूळ सोडावे. आणि प्लेस्टेशन ५ मध्ये तिथे पेस्ट नसून द्रवरूप धातू आहे, तो विजेचा वाहक आहे, त्यामुळे पीएस४ उघडल्याच्या अनुभवावर तिथे हात घालू नये. बिजागरीला मारायचे तेल कंट्रोलरच्या काडीत मारू नये. खेळाची डिस्क स्वतःहून बाहेर फेकणाऱ्या सुरुवातीच्या मॉडेलांत पुष्कळदा ती डिस्क वाचणारा ड्राइव्ह चांगला असतो आणि इजेक्टच्या, म्हणजे डिस्क बाहेर काढायच्या बटणाखालचा रबरी पाय वर दाबला गेलेला असतो. ड्राइव्ह खरोखरच गेला असेल, तरी त्या मॉडेलांत त्याचा छोटा सर्किट बोर्ड मूळ कन्सोलशी जुळवलेला असतो, म्हणून बदललेल्या ड्राइव्हवर जुनाच बोर्ड लावावा. नाहीतर नवा ड्राइव्ह एकही डिस्क वाचणार नाही. पॉवर सप्लाय उबदार असतो, म्हणून झुरळांना तो आवडतो, आणि पालींनाही. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून ठेवलेला कन्सोल मी घराबाहेर गॅलरीत उघडतो.

शेवटची चूक दुरुस्तीला देतानाची. घरी काय काय करून पाहिले ते सांगितले तर लाज वाटेल किंवा पैसे जास्त लागतील, म्हणून लोक लपवतात आणि माझा अर्धा दिवस वाया जातो. गेल्या जूनमध्ये एका गृहस्थांनी मुलीच्या हाती कन्सोल पाठवला. त्यावर तिने वहीच्या पानाची चिठ्ठी चिकटवली होती : "बाबांनी उघडला होता. निळा दिवा होता. एक स्क्रू सापडत नाही." मी वीज न लावता आधी यंत्र पालथे करून हलवले. स्क्रू पॉवर सप्लाय आणि पत्र्याच्या मधोमध आडवा पडला होता.