भारित नेटवर्कमध्ये नोडची केंद्रीयता कशी काढावी

केंद्रीयता म्हणजे नेटवर्कमध्ये एखादा नोड (बिंदू) किती महत्त्वाचा आहे याचे माप; दोन नोडांना जोडणारी रेषा म्हणजे कड आणि त्या जोडणीला दिलेली संख्या म्हणजे भार. कडांची यादी तीन स्तंभांत घ्यावी: एक नोड, दुसरा नोड आणि भार. एकाच जोडीच्या अनेक नोंदी असल्यास त्यांची बेरीज आलेख (म्हणजे संगणकातले नेटवर्क) बांधण्यापूर्वीच करावी, कारण नेटवर्कएक्स या पायथन लायब्ररीतील साधा ‘ग्राफ’ अशा वेळी आधीचा भार पुसून शेवटचा तेवढा ठेवतो आणि त्याबद्दल अवाक्षरही काढत नाही. शून्य भाराच्या कडा वगळाव्यात.

पहिले माप भारित डिग्रीचे: नोडला लागलेल्या सर्व कडांच्या भारांची बेरीज. यात चुकण्यासारखे काही नाही.

यानंतरचा टप्पा, म्हणजे भाराचे अंतर करणे, बहुतेक मार्गदर्शक लेख एका ओळीत उरकतात आणि माझे सर्वाधिक दिवस वाया गेले ते नेमके याच टप्प्यावर. माझ्याकडे संदेशांच्या देवाणघेवाणीचे नेटवर्क होते आणि दोन व्यक्तींमधील संदेशांची संख्या हा कडेचा भार होता. तो भार मी जसाच्या तसा बिट्वीननेसच्या, म्हणजे नोड इतरांमधील सर्वांत लहान मार्गांवर किती वेळा येतो हे मोजणाऱ्या, फंक्शनला दिला, तेव्हा यादीच्या शिखरावर आले ते कोणाशीही फारसे न बोलणारे लोक. या ‘मूक मध्यस्थां’चे महत्त्व समजावणारी दोन पानेही मी लिहून टाकली होती. वस्तुस्थिती एवढीच होती की बिट्वीननेस आणि क्लोजनेस (नोड इतर सर्वांच्या किती जवळ आहे याचे माप) ही दोन्ही मापे सर्वांत लहान मार्गांवर उभी आहेत, भारित आलेखात ते मार्ग सामान्यतः भारांची बेरीज सर्वांत कमी असलेला मार्ग निवडणाऱ्या डायक्स्ट्राच्या पद्धतीने शोधले जातात, आणि त्या पद्धतीच्या दृष्टीने भार म्हणजे अंतर. म्हणजे जितके संदेश जास्त, तितके ते दोघे एकमेकांपासून दूर.

तीन नोडांचा त्रिकोण घ्या: अ–ब कडेचा भार १०, अ–क चा २ आणि ब–क चा ३. भार अंतर मानले, तर अ पासून ब पर्यंतचा थेट मार्ग १० चा आणि क मार्गे ५ चा, त्यामुळे क ला बिट्वीननेस १ मिळते आणि इतर दोघांना शून्य. आता अंतर म्हणून भाराचा व्यस्त (१ भागिले भार) घ्या. अ–क थेट ०.५ आहे, पण ब मार्गे ०.१ अधिक ०.३३३, म्हणजे ०.४३३, आता १ मिळते ते ब ला. भारित डिग्री अ ची १२, ब ची १३ आणि क ची अवघी ५ आहे. मूळ भार दिल्यावर सर्वांत दुर्बल नोड मध्यस्थ ठरला, आणि प्रोग्रामने एकही चूक दाखवली नाही.

म्हणून भार ताकद सांगतो की अंतर, हे आधी लिहून ठेवावे. किलोमीटर, मिनिटे किंवा खर्च असेल तर तो तसाच द्यावा. ताकद असेल तर व्यस्त घ्यावा. भौतिकशास्त्रज्ञ मार्क न्यूमन यांनी २००१ मध्ये शास्त्रज्ञांच्या सहलेखनाच्या नेटवर्कसाठी हाच मार्ग वापरला होता. भार ही संक्रमणाची (एका नोडवरून दुसऱ्यावर जाण्याची) संभाव्यता असेल तर तिचा ऋण लॉगरिदम घ्यावा, म्हणजे मार्गावरील गुणाकाराची बेरीज होते. ‘कमाल भारातून वजा करा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला मात्र मानू नये: सर्वांत भक्कम कडेचे अंतर त्यामुळे शून्य होते, आणि ते टाळण्यासाठी एखादी स्थिर संख्या मिळवली तर जास्त कडांच्या मार्गांवर तिचा बोजा अधिक पडून लहान मार्गच बदलू शकतात.

व्यस्त घेतल्यावर अपूर्णांक येतात, आणि संगणकाला ०.१ अधिक ०.२ ही बेरीज ०.३ इतकी वाटत नाही. त्यामुळे समान लांबीचे दोन मार्ग असमान ठरून बिट्वीननेस एकाच मार्गाच्या पदरात पडते. दहा लाखांनी गुणून पूर्णांक करण्याचा उपाय अर्धवट आहे, कारण एकतृतीयांश तीन वेळा मिळवल्यास ९,९९,९९९ येतात. भार लहान पूर्णांक असतील तर त्यांच्या लसाविला प्रत्येक भाराने भागावे. १ ते १० या भारांसाठी लसावि २५२० आहे आणि सगळी अंतरे अचूक पूर्णांक येतात.

हे अंतर ‘डिस्टन्स’ नावाच्या स्वतंत्र गुणधर्मात ठेवावे आणि मूळ भारावर कधीही लिहू नये. आयगेनव्हेक्टर व पेजरँक (महत्त्वाच्या नोडांशी जोडलेला नोड महत्त्वाचा धरणारी मापे) भाराला ताकदच मानतात, तेव्हा त्यांना मूळ भारच द्यायचा असतो. नेटवर्कएक्सच्या बिट्वीननेसमध्ये गुणधर्माचे नाव ‘वेट’ या पॅरामीटरला द्यावे लागते आणि क्लोजनेसमध्ये ‘डिस्टन्स’ला; न दिल्यास दोन्ही फंक्शने भाराकडे दुर्लक्ष करतात. आर भाषेतील आयग्राफ ही लायब्ररी उलट ‘वेट’ गुणधर्म आपणहून उचलते.

आलेख तुटक असेल, म्हणजे काही नोडांमध्ये मार्गच नसेल, तर क्लोजनेसऐवजी हार्मोनिक केंद्रीयता (इतर नोडांपर्यंतच्या अंतरांच्या व्यस्तांची बेरीज) घ्यावी. आलेख मोठा असेल तर बिट्वीननेस काढण्याच्या ब्रँडेस यांच्या २००१ च्या पद्धतीलाही वेळ लागतो. तेव्हा मोजकेच प्रारंभनोड निवडून अंदाज काढावा.

खऱ्या विदेला हात लावण्यापूर्वी वरचा त्रिकोण आपल्या साधनात चालवून पाहावा. बिट्वीननेसचा १ हा आकडा क पुढे आला, तर मूळ भारच अंतर म्हणून गेला आहे. तिघांपुढेही शून्य आले, तर भार पोहोचलेलाच नाही.