राजकीय स्वातंत्र्यावरच्या सिनेमाला प्रतिसाद कसा लिहावा

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातला खेळ संपतो आणि लॉ कॉलेज रस्त्यावर येईपर्यंत चर्चा सरकारवर घसरलेली असते. सिनेमा मागेच राहतो. विषय स्वातंत्र्याचा असला की हे हमखास होतं, कारण मतं आपल्याकडे आधीच तयार असतात. म्हणून प्रतिसादाची तयारी खेळ सुरू होण्याआधीच करायची.

खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल घ्या. मोबाईलवर नोंदी नकोत, त्याचा उजेड मागच्या रांगेला खुपतो. अंधारात लिहिताना डावा अंगठा ओळीवर ठेवा आणि प्रत्येक नोंदीनंतर खाली सरकवा, नाहीतर ओळी एकमेकींवर चढतात. एका नोंदीत चार-पाच शब्द पुरेत, तेही फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं: ‘कारकून, फाईल, पुढची तारीख’. ‘दडपशाही’ असं लिहून ठेवलंत तर घरी गेल्यावर त्यावरून एकही दृश्य आठवत नाही. भारतीय सिनेमा असेल तर सुरुवातीचं सेन्सॉर प्रमाणपत्रही बघा. त्यावर त्रिकोण असला तर कात्री लागलेली आहे.

शॉट लांबतोय असं वाटलं की मनात आकडे मोजा. ‘सिनेमा संथ आहे’ हा शेरा इथूनच येतो आणि बहुतेक वेळा तो घाईचा असतो. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) घ्या. त्यातल्या नारायण कांबळे या लोकशाहिराच्या गाण्यामुळे एका सफाई कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप आहे. कॅमेरा लांब उभा राहतो, फारसा हलत नाही. खटला पुढच्या तारखेवर जातो. एका बाईंनी बिनबाह्यांचा पोशाख घातलाय म्हणून न्यायाधीश त्यांचं प्रकरण ऐकत नाहीत. कुणी ओरडत नाही, कुणी खलनायक नाही. शेवटाकडे सुट्टी लागते, कोर्टातले दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. सिनेमा संपला असं वाटतं, पण तो सहलीला गेलेल्या न्यायाधीशांपर्यंत जातो. माणसाचं स्वातंत्र्य इथं तारखांमध्ये झिजतं, आणि ते प्रेक्षकाला बसल्या जागी सोसायला लावणं हेच त्या लांब शॉटचं काम आहे. तुमचा प्रतिसाद अशा एखाद्या जागेवर उभा राहायला हवा.

त्याच रात्री पंधरा मिनिटं बसून नोंदी पुऱ्या करा. मत दुसऱ्या दिवशी. साधारण पाचशे शब्द लिहायचे असतील तर कथेला साठ-सत्तर शब्दांपेक्षा जास्त देऊ नका, निम्मी जागा एकाच दृश्याला द्या: कोण चौकटीत आहे, कोणाचा फक्त आवाज येतो, बंधन कशातून येतं? कायद्याच्या कलमातून, शेजाऱ्यांच्या नजरेतून, की पगाराच्या चिंतेतून? मग तुमचं म्हणणं.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथं: पात्राचं बोलणं दिग्दर्शकाच्या नावावर खपवलं जातं. पात्र भाषण करत असताना कॅमेरा कोणाकडे बघतोय ते तपासा. ऐकणारा जांभई देत असेल तर दिग्दर्शक काहीतरी वेगळं सांगतोय. दुसरी चूक, विषय मोठा म्हणून सिनेमाही मोठा मानणं. आपल्या बाजूचा सिनेमा कच्चा असेल तर तसं लिहायला कचरू नका. कच्च्या कामाची भलामण केली की बाजूच लंगडी पडते.

कथेचा काळ आणि प्रदर्शनाचं वर्ष वेगवेगळं नोंदवा. आणीबाणी 25 जून 1975 ते 21 मार्च 1977. तिच्यावर 1978 साली बोलणं आणि आज बोलणं यांत जोखीम वेगळी, प्रेक्षकही वेगळा. दुसऱ्यांची परीक्षणं मात्र आपला पहिला खर्डा झाल्यावरच वाचा, आधी वाचलीत तर त्यांचीच वाक्यं तुमच्या हातून उतरतात.

खेळानंतरच्या चर्चेत बोलायचं असेल तर दृश्यापासून सुरुवात करून एकच प्रश्न विचारा.