अमेरिकेत एमडी-पीएचडी: अर्ज, लॅबची निवड आणि वॉर्डात परत जाणं

एमडी आणि पीएचडी या दोन्ही पदव्या एकत्र देणाऱ्या अभ्यासक्रमाबद्दलचं हे लेखन मुख्यतः अमेरिकेत कॉलेजात शिकणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. भारतातल्या एमबीबीएसवाल्यांची वाट वेगळी आहे, तिच्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. आधी एक गोंधळ दूर करू. अमेरिकेतली एमडी ही आपल्याकडच्या एमबीबीएसच्या जागी येते, विशेषज्ञ होण्याचं शिक्षण तिच्यानंतर रेसिडेन्सीत होतं. त्यामुळे एमडी-पीएचडीची साधारण आठ वर्षं संपली तरी माणूस हृदयरोगतज्ज्ञ किंवा सर्जन झालेला नसतो.

त्या आठ वर्षांची वाटणी अशी: पहिली दीड-दोन वर्षं वर्गातला वैद्यकीय अभ्यास, मग तीन ते पाच वर्षं लॅबमध्ये पीएचडी आणि मग उरलेलं क्लिनिकल शिक्षण. १९६४ साली अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, अल्बर्ट आइन्स्टाइन, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी आणि नॉर्थवेस्टर्न या तीन ठिकाणी यासाठी अनुदान सुरू केलं. त्याला मेडिकल सायंटिस्ट ट्रेनिंग प्रोग्राम, थोडक्यात एमएसटीपी म्हणतात. आज पन्नासहून अधिक कॉलेजांना ते मिळतं, बाकीची स्वतःच्या पैशावर असा अभ्यासक्रम चालवतात. एमएसटीपीमध्ये फी माफ होते आणि वर स्टायपेंडही मिळतो. बिगर-एमएसटीपी कॉलेज कमी दर्जाचं असतंच असं नाही. मात्र पैसा कुठून येतो आणि किती वर्षांची हमी आहे, हे तिथे लेखी विचारून घ्या.

'फुकटात डॉक्टर' हा हिशोब घरात कोणी मांडत असेल तर तो तिथेच थांबवा. फी वाचते हे खरं, पण सोबतचे विद्यार्थी ज्या वर्षांत रेसिडेन्सीत जाऊन पगार घेऊ लागतात, ती चार वर्षं तुम्ही स्टायपेंडवर काढता. पुढे संशोधनाला वेळ देणाऱ्याचा पगारही पूर्णवेळ प्रॅक्टिस करणाऱ्यापेक्षा बहुधा कमीच असतो. संशोधन करायचं नसेल तर सरळ एमडी करावी.

अर्जाच्या आधी

एका लॅबमध्ये सलग, खोलवर केलेलं काम हवं: दोन उन्हाळे आणि मधलं शैक्षणिक वर्ष, किंवा पदवीनंतर पूर्णवेळ एक-दोन वर्षं. पाच लॅबमध्ये दोन-दोन महिने म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या, आणि निवड समितीला ते पहिल्या पानावरच दिसतं. नावावर शोधनिबंध नसला तरी चालतं. आपण नेमका कोणता प्रश्न विचारला, कंट्रोल काय होता, प्रयोग फसला तेव्हा पुढे काय केलं, हे सांगता आलं नाही तर चालत नाही. पेशंटजवळ घालवलेला वेळही लागतो, कारण अर्ज एमडीची समितीही वाचते. एमकॅट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे गुण ४७२ ते ५२८ या पट्टीवर असतात. एमडी-पीएचडीत शिरणाऱ्यांची सरासरी ५१६ च्या आसपास आणि जीपीए, म्हणजे कॉलेजातल्या गुणांची सरासरी, ४ पैकी ३.८ च्या आसपास असतो. जागा देशभर मिळून वर्षाला सुमारे सातशेच.

बारावीनंतरच बीएस-एमडीची, म्हणजे पदवी आणि एमडीची एकत्र जागा पटकवावी, अशी आपल्या घरांमध्ये फार ओढ असते. त्या धावपळीत लॅबला वेळ उरत नाही, हा तिचा तोटा. तरीही वाट बंद होत नाही. पुष्कळ कॉलेजांत एमडीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात आतूनच एमडी-पीएचडीकडे वळता येतं.

अर्ज

अर्ज एएमकॅस या सामायिक पोर्टलवर होतो. ते मेच्या सुरुवातीला उघडतं आणि मेअखेरीस अर्ज दाखल करता येतो. जूनच्या अखेरीस कॉलेजांकडे माहिती जाते, जुलै-ऑगस्टमध्ये दुय्यम अर्ज येतात, मुलाखती साधारण सप्टेंबर ते फेब्रुवारी चालतात आणि ३० एप्रिलपर्यंत एकच जागा ठेवायची असते. शेवटची तारीख दूर आहे म्हणून थांबू नका, मुलाखती आलेल्या क्रमाने वाटल्या जातात. कॉलेजं पंधरा ते वीस पुरतात.

नेहमीच्या ५,३०० अक्षरांच्या निवेदनाशिवाय एमडी-पीएचडीला दोन निबंध जास्तीचे असतात. पहिला ३,००० अक्षरांचा: दोन्ही पदव्या का? 'मला विज्ञानही आवडतं आणि माणसंही' हे उत्तर जवळजवळ प्रत्येक अर्जात असतं, म्हणून ते निरुपयोगी. पेशंट पाहिल्याशिवाय सुचणार नाही आणि लॅबशिवाय सुटणार नाही असा एक तरी प्रश्न मांडा.

दुसरा निबंध १०,००० अक्षरांचा, संशोधनाच्या अनुभवाचा. निवडीत सर्वांत जास्त वजन याचं. प्रत्येक लॅबसाठी ठिकाण, गाईड, कालावधी आणि आठवड्याचे तास लिहा, मग प्रश्न, तुमच्या हातून झालेलं काम, निष्कर्ष, आणि आज पुन्हा संधी मिळाली तर पुढचा प्रयोग कोणता कराल ते. नेहमीची चूक म्हणजे पोस्टरचा सारांश उतरवून काढणं आणि सगळीकडे 'आम्ही'. जेलचा प्रयोग कोणी केला, पेशी कोणी वाढवल्या, विश्लेषणाचा कोड कोणी लिहिला, हे त्यातून कळत नाही. जिथे लक्षणीय काळ काम केलं त्या प्रत्येक गाईडचं शिफारसपत्र हवं. एखादं गाळलं तर मुलाखतीत त्याबद्दल विचारणार हे धरून चला.

मुलाखती बहुधा दोन दिवसांच्या असतात आणि त्यांत चार-सहा शास्त्रज्ञ तुमच्याच कामावर बोलतात. कामाची दोन मिनिटांची आणि दहा मिनिटांची अशा दोन आवृत्त्या तयार ठेवा, मुख्य आकृती कोऱ्या कागदावर काढता आली पाहिजे. तुमच्या निष्कर्षाला दुसरं स्पष्टीकरण काय असू शकतं, हा प्रश्न येतोच. आणि तिथल्या विद्यार्थ्यांना तुम्ही विचारायचं: सरासरी किती वर्षं लागतात, मध्येच किती जण सोडतात, पीएचडी सोडली तर माफ केलेली फी परत मागतात का, लॅबमधून वॉर्डात परतायच्या तारखा वर्षात किती?

लॅबची निवड

या शिक्षणात पावलं चुकतात ती बहुतेक सांधेबदलाच्या दोन ठिकाणी: वर्गातून लॅबमध्ये जाताना आणि लॅबमधून वॉर्डात परतताना. कॉलेजच्या नावावर घरात महिनोन्‌महिने खल होतो, लॅब मात्र आठवड्यात ठरते. उलट व्हायला हवं.

आधी दोन-तीन लॅबमध्ये प्रत्येकी आठ-दहा आठवड्यांच्या रोटेशन, म्हणजे तात्पुरतं काम करून पाहण्याच्या फेऱ्या असतात, पहिली बहुधा एमडी सुरू होण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. रोटेशनला जाण्यापूर्वी एनआयएच रिपोर्टर हे सार्वजनिक संकेतस्थळ उघडा आणि गाईडचं नाव टाका. चालू अनुदानं आणि त्यांच्या संपण्याच्या तारखा तिथे दिसतात. एकमेव मोठं अनुदान तुमच्या पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी संपणार असेल तर नूतनीकरणाचं काय, हे तोंडावर विचारायला संकोच करू नका. विचारणारा विद्यार्थी चांगल्या गाईडला आवडतो.

मग त्या लॅबमधून आधी बाहेर पडलेल्यांची यादी काढा. एमडी-पीएचडीवाले किती होते, त्यांना किती वर्षं लागली, पहिला लेखक म्हणून शोधनिबंध किती जणांचा झाला? सहा-सहा वर्षं लागली असतील तर तुम्हालाही तेवढीच लागतील असं समजा. नवा असिस्टंट प्रोफेसर स्वतः लॅबमध्ये शेजारी उभा राहून शिकवतो, हा मोठा फायदा. पण त्याला टेन्युअर, म्हणजे कायमची नेमणूक, मिळाला नाही किंवा तो दुसऱ्या विद्यापीठात गेला तर तुम्ही अधांतरी, कारण तुमची एमडी या कॉलेजला बांधलेली असते. अशा वेळी पहिल्या दिवसापासून एक ज्येष्ठ सहगाईड नेमून घ्या.

विषय निवडतानाही घड्याळ पाहायचं. उंदरांची नवी जनुकीय जात तयार करून तिची पैदास मार्गी लावायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं, आणि त्यानंतर पहिला आकडा हाती येतो. एवढ्या एकाच गोष्टीवर प्रबंध उभा करू नका. एक खात्रीचा विषय धरावा, जिथे उत्तर 'नाही' आलं तरी छापता येतं, आणि त्याच्यासोबत एक धाडसी. शोधनिबंधावर कोणाचं नाव कुठे, याचं बोलणं पहिल्या वर्षीच ईमेलवर नोंदवून ठेवा.

पीएचडीच्या पहिल्या वर्षअखेर क्वालिफाइंग परीक्षा आणि नंतर दर सहा महिन्यांनी प्रबंध समितीची बैठक ठेवा. समितीने बोलावलं नाही तर तुम्ही बोलवा. भरकटलेल्या पीएचडीत हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे दीड वर्ष न झालेली बैठक.

पहिल्याच वर्षी एफ३० या एनआयएचच्या वैयक्तिक फेलोशिपचा मसुदा हाती घ्या. अर्जाच्या तारखा ८ एप्रिल, ८ ऑगस्ट आणि ८ डिसेंबर. उद्दिष्टांना एक पान, संशोधन आराखड्याला सहा. गुण १० ते ९० मध्ये मिळतात आणि कमी तितके चांगले. दोन्ही पदव्यांच्या अभ्यासक्रमात प्रवेश घेतल्यापासून ४८ महिन्यांच्या आत अर्ज करायचा, ही अट पुष्कळांना उशिरा कळते. दोन वर्षं वर्गात गेली की उरतात दोनच, आणि पहिला अर्ज नाकारला गेला तर दुसऱ्याला जागा हवी. आधी ज्या संस्थेकडे जाणार तिथल्या प्रोग्राम ऑफिसरशी बोला, एनआयएचच्या सगळ्याच संस्था एफ३० घेत नाहीत. स्थलांतरितांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी पॉल अँड डेझी सोरोस फेलोशिपही आहे: ९०,००० डॉलरपर्यंत, पण वयाची अट ३० आणि अर्ज शिक्षणाच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांतच. म्हणून ती एफ३० च्या आधी.

वॉर्डात परतताना

परतीची तारीख आधी ठरवा आणि तिथून मागे मोजत या. क्लिनिकल रोटेशन ठरावीक महिन्यांतच सुरू होतात. ती खिडकी हुकली की काही महिने, कधी वर्ष लांबतं. प्रबंधाचा बचाव, दुरुस्त्या आणि विद्यापीठात प्रत जमा करणं, हे सगळं त्याआधी पूर्ण हवं. 'समीक्षकांनी मागितलेले दोन प्रयोग फावल्या वेळात करतो' म्हणणाऱ्याला सर्जरीच्या रोटेशनमध्ये पहाटे पाचला वॉर्डात पोचायचं असतं. असे प्रयोग लॅबमधल्या कोणाला तरी रीतसर सोपवून, त्याचं नाव लेखकांत घालून निघा.

यूएसएमएलई, म्हणजे डॉक्टरकीच्या परवान्याची तीन टप्प्यांची (स्टेप) परीक्षा, तिचा सापळा वेगळा. बऱ्याच राज्यांची परवाना मंडळं तिन्ही स्टेप सात वर्षांत पूर्ण करायला सांगतात. दुसऱ्या वर्षाअखेर स्टेप १ दिली, चार वर्षं पीएचडी, दोन वर्षं क्लिनिकल आणि रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी स्टेप ३ असं धरलं, तर सात वर्षं तिथेच भरतात. पीएचडीला एक वर्ष जास्त लागलं की मर्यादा ओलांडली. दुहेरी पदवीवाल्यांना अनेक राज्यं सवलत देतात, सगळी नाही. जिथे स्थायिक व्हायचं त्या राज्याचा नियम स्टेप १ देण्याआधी वाचा. २६ जानेवारी २०२२ पासून स्टेप १ फक्त पास-नापास आहे, त्यामुळे स्टेप २ च्या गुणांना महत्त्व आलं आहे.

पीएचडीच्या काळात आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून अर्धा दिवस एकाच दवाखान्यात जात राहा. तेवढ्याने हिस्टरी घेणं आणि तपासणं हातात राहतं. औषधांचे डोस आणि नोट लिहिण्याची शिस्त मात्र विसरली जाते, म्हणून परतण्याआधीचे दोन महिने त्यालाच द्या. पुढे जे करायचं आहे ते रोटेशन सुरुवातीला घेऊ नका. पहिल्या सहा आठवड्यांत तुमची तुलना नुकतीच परीक्षा दिलेल्यांशी होते आणि तो शेरा रेसिडेन्सीच्या अर्जापर्यंत सोबत येतो.

रेसिडेन्सीला संशोधनाची वेगळी शाखा असते. इंटर्नल मेडिसिनमध्ये दोन वर्षं क्लिनिकल, मग उपशाखेची एक-दोन वर्षं आणि ८० टक्के वेळ संशोधनाला अशी तीन वर्षं. त्यानंतर डॉक्टर-संशोधकांसाठी एनआयएचचं के०८ हे अनुदान असतं, त्यात किमान ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखीव हवा, काही शल्यशाखांना थोडी सूट आहे. नोकरीच्या पत्रात हा राखीव वेळ टक्क्यांत लिहून घ्या. तोंडी आश्वासन ओपीडीच्या गर्दीत टिकत नाही.

ग्रीन कार्ड नसेल तर, आणि एमबीबीएस असेल तर

एमएसटीपीचा सरकारी पैसा, एफ३० आणि के०८ हे सगळं फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी आहे. लहानपणापासून न्यू जर्सीत वाढलेला, पण एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला मुलगा किंवा मुलगी इथे परदेशीच ठरते, आणि २१ व्या वर्षी एच-४ सुटून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असणं पुरत नाही. काही कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांना स्वतःच्या निधीतून घेतात, अर्जाची यादी त्यांच्यापासूनच सुरू करा. पुढे के९९ या एनआयएचच्या संशोधन अनुदानाला नागरिकत्वाची अट नाही.

भारतात एमबीबीएस झालेल्यांनी अमेरिकेतल्या एमडी-पीएचडीच्या मागे लागू नये, कारण एमडी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते आणि बहुतेक कॉलेजांना अमेरिकेतलं किंवा कॅनडातलं पदवी शिक्षण लागतं. त्यांनी यूएसएमएलई देऊन संशोधन शाखेची रेसिडेन्सी घ्यावी किंवा नुसती पीएचडी करावी. भारतात राहायचं तर एमबीबीएसच्या काळातच आयसीएमआरची दोन महिन्यांची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप करा. एमबीबीएसवर सीएसआयआर-यूजीसी नेट देता येते आणि त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती घेऊन पीएचडीला जाता येतं. एमडी किंवा एमएसनंतर क्लिनिकल फेलोशिपसाठी वेलकम ट्रस्ट आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २००८ मध्ये उभी केलेली इंडिया अलायन्स पाहा. तिथे अर्जासोबत यजमान संस्थेची लेखी हमी लागते. विभागप्रमुख आणि डीन यांच्या सह्यांत हमखास वेळ जातो, म्हणून प्रस्तावाच्या आधी त्या कामाला लागा.